हललं की गेलं

जयराज फौजेतून सुट्टीवर आला, की मोबाईलवर घरच्यांचे शंभर फोटो काढायचा आणि सुट्टी संपली, की मोबाईलसकट निघून जायचा. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या चंद्राकाकूच्या हाती धुपाटणं. मग चार दिवस तिला घर खायला उठायचं.

काकू कुंडलला शाळेत खिचडी शिजवते. गुरुजी पोरांना डब्याचा कॅमेरा करायला शिकवत होते, तो हिनं डाळ निवडता निवडता पाहून घेतला. चहाच्या रिकाम्या डब्याला आतून काळा रंग, पुढं सुईचं भोक, भोकावर काळी पट्टी, आत फोटोचा कागद. पट्टी काढायची, एक भाकरी भाजून होईपर्यंत थांबायचं, परत लावायची. कागद गुरुजी धुऊन द्यायचे.

पहिल्या फोटोत कोंबड्या गायब, नुसतं खुराडं. दुसऱ्यात म्हशीला डोकंच नाही. पाटा-वरवंटा मात्र झकास आला. गल्लीनं 'फोटूवाली' म्हणून पिडलं, पण हिला एकच ध्यास. जयराजचा एक तरी फोटो आपल्या हातचा, आपल्यापाशी राहणारा. मला बजावायची, "यात हललं की गेलं, बाबा."

पुढच्या खेपेला तो आला, तर सगळी सुट्टी ढगांनी खाल्ली. ऊन पडलं ते नेमकं निघायच्या सकाळी. काकूनं डबा कट्ट्यावर ठेवला, पट्टी काढली आणि पळत जाऊन लेकाशेजारी उभी राहिली.

"हलू नगंस."

तेवढ्यात कराड स्टेशनला जाणाऱ्या जीपनं हॉर्न दिला. जयराज वाकून पाया पडला. एरवी काकू त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, मगच तो उंबरा सोडतो. या वेळी फोटो बिघडेल म्हणून ती खांबासारखी उभी राहिली. जीप वळणाआड गेली, तेव्हा तिनं पट्टी लावली.

फोटोत काकू लख्ख आली. शेजारी नुसता धूर, त्यातून मागच्या भिंतीच्या विटा दिसत होत्या. गुरुजींनी तोंड भरून कौतुक केलं.

"मी कशाला पायजे हुते यात?" काकू मला म्हणाली. "आन् ह्यो हात बघ. खालीच ऱ्हायलाय."



रविवारी माझ्या मोबाईलवर जयराजचा फोन आला. "आये, फोटू आला का गं?"

"तू हललास. मी न्हाई."

मग तिनं मोबाईल कट्ट्यावर ठेवला, त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली.

"आये? कसला आवाज झाला?"

"काय न्हाई रं. त्या दिवशीचं ऱ्हायलं हुतं."