चुकलेमास्तर

शिकवून झालं की आमचे मास्तर खडू खाली ठेवत आणि विचारत, "माझं कुठं चुकलं?" चूक दाखवणाऱ्याला कोटाच्या खिशातल्या शेंगा मिळत. कार्ल्यात सगळे त्यांना चुकलेमास्तरच म्हणत. अंगानं काडी, पण आवाज पलीकडच्या खाचरात पोचायचा.

एकदा त्यांनी ग्रीस देशातला थेलीस सांगितला. फार जुना माणूस. जग कशाचं झालं, असं त्यानं विचारलं आणि सगळं पाण्यापासून झालं, असं सांगितलं. आमचं गाव भाताचं. पोरांना ते लगेच पटलं. मला रोज चूल फुंकावी लागे. मी म्हणाले, "मास्तर, सगळं पाण्याचं, तर पाण्यानं विस्तव का विझतो?"

मास्तरांनी माझ्यापुढं खिसाच उलटा केला. "सरू, त्याच्या चेल्यालाही हेच खटकलं. तो म्हणाला, मूळ पाणी नव्हे, त्याच्याही आधीचं काहीतरी, बिननावाचं. चेल्याचा चेला म्हणाला, छे, हवा! प्रत्येकानं गुरूचं खोडलं, पण कारण देऊन."

त्याच संध्याकाळी माझे वडील, आबा, म्हणाले, "पोरी शिकल्या की घर बुडतं." मी विचारलं, "कुणाचं बुडालं?" दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद.

मास्तर धोतर खोचून थेट खाचरात आले.

"मास्तर, पोरगी उलट बोलाया लागली," आबा म्हणाले. "ह्येच शिकवता व्हय?"

"होय भाऊ, हेच."

चिखलात उभं राहून त्यांनी थेलीसची गोष्ट सांगितली. आबांनी विचारलं, "मंग गुरूनं चेल्याच्या थोबाडात न्हाई ठिवली?"

"चेला उलट बोलला, म्हणून तर गुरूचं नाव अजून निघतं. ती कारण मागते, भाऊ. असेल तर द्या."

आबा वाकले आणि पुन्हा रोपं लावू लागले. खाली बघतच म्हणाले, "चौथी होऊ द्या. लय झालं."

चौथी झाली. मास्तरांची कुरवंड्याला बदली झाली आणि तिथंच ते तापानं गेले. मी रडले नाही. माझ्या लग्नाची घाई चालली होती. पुढं नवराही लवकर गेला आणि मुलीला घेऊन मी माहेरी आले.

तिचीही चौथी झाली. पुढची शाळा लोणावळ्याला. आबा म्हणाले, "आता बास."

"का, आबा?" तिनं विचारलं.

मी चुलीपाशी होते. हे विचारायला तिला मीच शिकवलं होतं. आबांनी तंबाखू मळली. मळतच राहिले.

"कारण न्हाई," ते शेवटी म्हणाले. "जा लोणावळ्याला."