लॉकरमधली नथ

आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात लग्न ठरलं की आजीची नथ सोनाराच्या आधी शेजारच्या काकांकडे जाते. काका रेल्वेतून रिटायर झालेले, पण मोती पारखायचा भारी नाद. नथ हातात आली की आधी चूळ भरतात, मग मोती पुढच्या दातांवर हलकेच घासतात. खरा मोती दाताला बारीक रव्यासारखा लागतो, खोटा काचेसारखा घसरतो. मग डोळे मिटून "हंऽऽ" म्हणतात, आणि निकाल दोनच.

"रोज घालत जा बाई, मोती अंगावरच खुलते."

नाहीतर, "अरे बापरे! हे बाहेर काहून ठेवलं? लॉकरमध्ये ठेवजा."

दुसरा निकाल मिळालेल्या बायका मिरवतच घरी जातात.

मला शंका आली. गोलबाजारातून काचेच्या मण्यांची नथ आणली आणि आजीची म्हणून त्यांच्यापुढे धरली. काकांनी घासली, डोळे मिटले.

"बेटा, लॉकर!"

तेव्हा कळलं, आमच्या मोहल्ल्यातले खरे मोती भाजी आणायला जातात आणि खोटे बँकेच्या पहाऱ्यात झोपतात.

परवा काकांसमोरच ही गंमत काकूंना सांगणार होते. तेवढ्यात चहाचा कप पुढे करत काकूच म्हणाल्या, "माह्या माहेरची नथ त यायनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लॉकरमध्ये टाकली. अजून हात नाही लावू देत मले!"

काका घाईघाईनं चूळ भरायला उठले.

मी म्हटलं, "काकू, चहा मस्त झाला."