दिवेलागणीच्या येरझाऱ्या

समोरच्या गॅलरीत शेजारचा नवा बाप दीड महिन्याच्या बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालतोय. रोज दिवेलागणीला हेच. बेंबीभोवती हिंग लावून झाला, ढेकर काढून झाला. डॉक्टर म्हणतात, पोटदुखी आहे, तीनेक महिन्यांत आपोआप थांबेल. तरी बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळतंच आहे.

"काकू, माझं काय चुकतंय हो?" विचारायला तो थांबतो, तर बाळ आणखीच टाहो फोडतं.

"काही नाही रे. नुसता फिरत राहा."

माझी लेकही अशीच रडायची. एकदाचं थांबू दे, एवढंच मला वाटायचं. आता ती रडते तेव्हा खोलीचं दार लावून घेते. आवाजही बाहेर येत नाही. आणि मी रिकाम्या खांद्याने दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहते.