फळ्यावरचं माझं अक्षर

माझी सून म्हणते, मला राग यायला कारण लागत नाही. खोटं आहे. कारण लागतं, आणि एक कारण तर मी कित्येक वर्षं सांभाळून ठेवलंय. ते फाटकाजवळच्या एका काळ्या फळ्याचं आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पंचवटीच्या पुढे, पेठ रोडला आमची चोवीस बंगल्यांची कॉलनी नुकतीच वसली होती. मी शाळेत मराठी शिकवायचे. आसपास भरदुपारी घरफोड्या व्हायला लागल्या तसे सगळे घाबरले. सोसायटीच्या अध्यक्षांनी कॉलनीतल्या दत्तमंदिरात सभा बोलावली. पोलीस चौकीतले एक साहेब आले आणि त्यांनी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. कडी-कोयंडा मजबूत बसवा, कामाच्या बाईची माहिती फोटोसकट लिहून ठेवा, गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. त्यांचं काही चुकलं नाही. पुढचं डोकं आम्ही चालवलं.

अध्यक्ष सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तोंडी सांगितलेलं त्यांना कधी पटायचंच नाही, सगळं लेखी हवं. म्हणाले, एकाच शेजाऱ्याला कशाला सांगायचं, अख्ख्या कॉलनीला कळू दे, म्हणजे सगळेच लक्ष ठेवतील. मग फाटकाजवळच्या भिंतीवर फळा लागला. कोण गावाला चाललंय, कधी परतणार, सगळं त्यावर लिहायचं. आणि अक्षर कुणाचं चांगलं? तर बाईंचं! मी फुगलेच. वर पिवळ्या खडूने ‘आपली सुरक्षा आपल्या हाती’ आणि खाली बंगल्यांचे नंबर. समोरून दिवसभर भाजीवाले, भंगारवाले, ट्रॅक्टर, रिक्षा जायच्या. चोवीस घरांत डॉक्टर होते, वकील होते, इंजिनीअर होते, आणि मी होतेच. एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाहेरचेही हे वाचतात. डोंबलाचे सुशिक्षित!

कामाच्या बायकांचे फॉर्म भरायचं कामही माझ्याच गळ्यात. बाकीच्यांनी आज देतो, उद्या देतो करत फॉर्म दिलेच नाहीत. मी नियमाची बाई. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी पेठकडच्या, नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायच्या, कॉलनीत तीन घरी काम करायच्या. त्यांना स्टुडिओत नेऊन फोटो काढला, फॉर्म मीच भरला, आणि खाली सही करा म्हटलं तर त्या हसल्या. मग त्यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर मीच दाबला. आता भांडी काळी व्हतील म्हणून त्यांनी मला चिडवलं होतं.

मे महिन्यात बारा नंबरवाले नांदगावला लग्नाला निघाले, तिथून वणीला देवीचं दर्शन घेऊन चार दिवसांनी येणार होते. मी लिहिलं, ‘बंगला १२, बुधवार ते शनिवार, बाहेरगावी’. खाली रेघही ओढली. शुक्रवारी दुपारी कुलूप तोडून चोरांनी घर धुऊन नेलं. देवघरातल्या चांदीच्या मूर्तीसुद्धा सोडल्या नाहीत. आणि लक्ष ठेवणारे आम्ही सगळे कूलर लावून घोरत होतो.

शनिवारी बारा नंबरवाले परतले, आणि संध्याकाळी पुन्हा मंदिरात सभा. हवालदारांनी विचारलं, घर बंद आहे हे कुणाकुणाला ठाऊक होतं? मला वाटलं, आता फळ्याचा विषय निघणार. निघाला, पण कसा! अध्यक्ष म्हणाले, कामाच्या बायका रोज फळ्यावरून जातात, वाचलं असेल एखादीने आणि सांगितलं असेल आपल्या माणसांना. लगेच फाईल उघडली. फाईलमध्ये एकच फॉर्म. मावशींचा फोटो, मावशींचा पत्ता, आणि खाली ठसठशीत अंगठा. तो अंगठा समोर असताना हा माणूस म्हणतो, तिने वाचलं असेल! हवालदारांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुमच्याकडची ना ही, तुम्हाला काही सांगायचंय?

मला सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता, मग हे सगळं लिहिलं कुणी? बारा नंबरची बाई समोरच रडत बसली होती. मी मूग गिळून गप्प बसले.

मावशींना दोन दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत चौकीच्या बाकावर बसवलं. त्यांच्या खोलीची झडती झाली, सगळी वस्ती बघायला जमली. बाकीच्या दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं. माझ्याकडे त्या स्वतःच आल्या नाहीत. चौकशीच तर आहे, होईल सोक्षमोक्ष, असं म्हणत मी माझी भांडी घासत राहिले.

तीन आठवड्यांनी खरे चोर दुसऱ्याच भागात सापडले. हवालदार सांगायला आले तेव्हा हसत होते.

“विचारलं त्यांतल्या एकाला, बंद घरं कशी शोधतो रे? तर म्हणतो, पेठ रोडला एका कॉलनीत फळ्यावरच लिहिलेलं असतं. अक्षरही झकास आहे म्हणाला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तो फळा पदराने पुसला. तशीच अध्यक्षांच्या घरी गेले आणि म्हटलं, चला, मावशींची माफी मागायला. ते चहा पीत म्हणाले, पद्धतीप्रमाणे चौकशी झाली, सुटली ना ती, मग आता कशाला विषय वाढवता? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने उपकार मानायचे! मी त्यांना बोलले, असं बोलले की शेजारचे गच्चीवर आले.

मग एकटीच वस्तीत गेले. मावशी बोचकं बांधत होत्या, गावाला परत निघाल्या होत्या. मी दारातच अध्यक्षांना शिव्या घालायला लागले, पोलिसांना घातल्या, कॉलनीला घातल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाठ मारली, आणि मग बोलल्या.

“साहेब सारखं इचारत व्हता, फळ्यावर काय वाचलंस. मी म्हणले, मला वाचता येत नाय. आमच्या बाईंना इचारा, त्यांनीच माझा अंगठा घेतलाय.”

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

“म्हणला, बाईंना इचारलं. त्या काय बोलल्या नाय.” त्यांनी बोचकं उचललं. “तरी दोन दिस मी दाराकडं बघत व्हते, तुम्ही येशाल म्हणून.”

मी बाजूला झाले आणि त्या गेल्या.