त्यांनी चावी सोडली नाही

ती दुपार इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. सिंगापूर पोलिसांतल्या नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले. खून पाहिले, टोळ्या पाहिल्या. पण धाडसाचा विषय निघाला की मला बुकित पंजांग भागात पत्रं वाटणाऱ्या एक मलय बाई आठवतात.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी तपास अधिकारी होतो. वडील रत्नागिरीहून इथल्या गोदीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, ठाण्यावर इंग्रजी, रस्त्यावर मलय, असा माझा जन्म गेला. या तपासात तिन्ही भाषा उपयोगी पडल्या.

त्या दुपारी ठाण्यावर फोन आला की एका ब्लॉकखाली पोस्टवूमनला मारहाण झाली आहे. ब्लॉक म्हणजे सरकारने बांधलेली राहती इमारत, आणि तिचा तळमजला मोकळा असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. ब्लॉकमधल्या सगळ्या घरांच्या पत्रपेट्या तिथेच एका भिंतीत ओळीने बसवलेल्या असतात. पत्रं टाकणारा माणूस एका चावीने सगळ्या पेट्यांची दारं उघडतो आणि आतल्या कप्प्यांत पत्रं लावतो. बाई तेच करत होत्या. मागून एकाने त्यांना भिंतीवर ढकललं आणि चावी हिसकायला सुरुवात केली. चावी साखळीने कमरेच्या पट्ट्याला बांधलेली होती. बाईंनी ती साखळी मनगटाला गुंडाळून मूठ आवळली. त्याने लाथा घातल्या, हात पिरगळला, मनगटाचं हाड मोडलं. तरी मूठ उघडली नाही. उलट त्याच मुठीने त्यांनी त्याच्या कानावर तडाखा दिला. तेवढ्यात वरून कोणीतरी जोरात ओरडलं आणि तो पळाला.

मी हॉस्पिटलमध्ये जबाब घ्यायला गेलो. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. हाताला प्लास्टर. त्यांनी हल्लेखोराचा चेहरा नीट पाहिला नव्हता. डोक्यावर टोपी होती, एवढंच सांगता आलं. जबाब संपल्यावर त्यांनी एकच चौकशी केली. पेट्यांची दारं उघडी राहिली होती, ती कोणी बंद केली का? मी शिपाई उभा केला होता, ते सांगितल्यावर त्या उशीला टेकल्या.

आता या प्रकरणातली वाईट बाजू. गेले काही महिने त्या भागातून पाकिटं गायब होत होती. बँकेने पाठवलेली नवी क्रेडिट कार्डं घरी पोचत नव्हती आणि भलताच कोणी त्यावर खरेदी करत होता. लोकांनी सरळ हिशेब केला होता, ज्याच्या हातात चावी तोच चोर. हल्ल्यानंतरही ही कुजबुज थांबली नाही. रहिवाशांपैकी एक वजनदार गृहस्थ ठाण्यावर येऊन मला सांगून गेले की हे नाटक असू शकतं, आपल्यावरचा संशय घालवायला बाईंनी स्वतःच घडवून आणलेलं. मला ते पटलं नाही. पण तपासात पटणं-न पटणं कामाचं नसतं, पुरावा लागतो. तेव्हा व्हॉइड डेकला कॅमेरे नव्हते. वरून ओरडणारं माणूस शोधणं हाच एक मार्ग होता. खालच्या दुकानदाराने ती आरोळी ऐकली होती, पण भाषा कुठली ते त्याला कळलं नव्हतं.

मी घरोघर फिरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर एका वृद्ध बाईंनी लोखंडी जाळीआडून दार उघडलं. मी इंग्रजीत बोललो, मग मलयमध्ये. त्या मान हलवत राहिल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "आता याले काय सांगू बापा!"

मी म्हणालो, "आजी, मराठीत सांगा. मला कळतं."

त्या क्षणभर माझ्या गणवेशाकडे पाहतच राहिल्या. मग जाळीतून हात जोडून "जय भीम" म्हणाल्या. मीही "जय भीम" म्हटलं. जाळीचं कुलूप निघालं.

आजी नागपूरच्या. मुलगा वन-नॉर्थ या भागातल्या एका संशोधन संस्थेत इंजिनीअर होता आणि त्या त्याच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. दोन शब्द बोलून पुढचं त्या एकट्या सांगेनात. मुलगा आल्यावर या म्हणाल्या. संध्याकाळी गेलो, तर मुलगा घाबरलेला. माणूस सभ्य होता, मला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग हळू आवाजात बोलला.

"सर, आमचा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज चालू आहे. आई व्हिजिट पासवर आहे. पोलीस केसमध्ये नाव आलं तर?"

परक्या देशात राहणाऱ्या माणसाची ही भीती मी घरात लहानपणापासून पाहिली होती. मी त्याला समजावलं की साक्षीदाराच्या अर्जाला काही होत नाही. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. तेव्हा आजी मध्ये बोलल्या.

"त्या बाईचा हात मोडला माझ्या डोळ्यासमोर. मी वरतून ओरडली, म्हणून तो पयाला. आता लोक म्हणतात नाटक, ह्यानंच सांगतलं मले. मी गप बसली तर मी कोण झाली?" मुलाकडे न पाहता त्या मला म्हणाल्या, "लिहा साहेब."

मी लिहिलं. आणि त्यात आम्हाला हवं ते सगळं होतं. तो माणूस त्यांनी आधीही पाहिला होता. गळ्यात पिशवी, हातात एसी दुरुस्तीच्या जाहिरातीची पत्रकं. तो खाली दगडी बाकावर बसून राहायचा. घरात दिवसभर एकट्या असलेल्या आजी खिडकीतून त्याला बघायच्या. त्यांना एक गोष्ट खटकली होती. पत्रकं वाटणारा हा माणूस पत्रकं कधी वाटतच नव्हता. बाकीचे येत, भराभर दारांना अडकवत आणि जात. याची पिशवी तशीच भरलेली असे.

पत्रकं वाटणाऱ्याकडे सिंगापूरमध्ये कोणी मान वर करूनही पाहत नाही. पेट्यांपाशी उभं राहायला याहून चांगलं सोंग नाही. आम्ही पोस्टाच्या लोकांना एकत्र बोलावून हे वर्णन दिलं. पुढाकार कोणाचा, तर बाईंचाच. गळ्यात हात बांधलेला असताना त्या आल्या आणि सहकाऱ्यांना म्हणाल्या की दिसला तर एकट्याने अंगावर जाऊ नका, फोन करा. स्वतः मात्र त्यांनी नेमकं उलट केलं होतं. सगळे हसले, त्याही हसल्या.

काही दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टॅम्पिनीसहून एका पोस्टमनचा फोन आला. भरलेली पिशवी घेऊन एकजण बाकावर बसून आहे. साध्या वेशातली आमची माणसं गेली आणि पेट्यांजवळच तो सापडला. त्याच्याजवळ चिकटपट्टी लावलेली पातळ काठी होती. पेटीच्या फटीतून पाकीट ओढून काढायचं हत्यार. उजव्या कानावर भरत आलेली जखम होती.

चौकशीत तो बधेना. काठी सापडलेली, तेवढी चोरी त्याने कबूल केली. हल्ल्याचं नाव काढलं की म्हणे बुकित पंजांगला मी कधी गेलोच नाही, कान मोटारसायकलवरून पडून फुटला. आजींनी त्याला ओळख परेडमध्ये ओळखलं, तरी त्याचं तेच. आवाज चढवून अशा माणसाकडून काही निघत नाही. मी त्याला कॉफी मागवली आणि त्याच्या आईची, शाळेची चौकशी करत बसलो. बोलता बोलता जे खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, तिथले लोक समजतात की पोस्टवूमन तुला सामील होती. ती तुला पाकिटं द्यायची आणि मारामारी ठरवून केली.

त्याने कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याला राग आलेला मी पाहिला.

"सामील असती तर चावी नसती दिली मला?" तो म्हणाला. "हात मोडला तरी सोडेना. अशी बाई मी पाहिली नाही."

खोलीत आम्ही दोघं अधिकारी होतो. माझ्या सहकाऱ्याने ते वाक्य तसंच लिहून घेतलं. मग त्याने आपणहून सगळं सांगितलं. काही ब्लॉकना नव्या धर्तीच्या पेट्या बसल्या होत्या. त्यांच्या फटीतून काठी जात नव्हती, म्हणून त्याला चावी हवी होती. कार्डं कोणत्या दोघांना विकायचा तेही सांगितलं आणि ते दोघे पुढच्या आठवड्यात हाती लागले. कोर्टात त्याने गुन्हा मान्य केला. तुरुंग आणि इथल्या कायद्यातले वेताचे फटके, दोन्ही शिक्षा झाल्या. आजींना साक्षीसाठी थांबावं लागलं नाही. त्या ठरल्या तारखेला नागपूरला गेल्या. मुलाचा अर्जही पुढे मंजूर झाला, हे त्याने मला मुद्दाम फोन करून कळवलं.

हात बरा झाल्यावर बाईंनी तोच भाग पुन्हा मागून घेतला. पहिल्या दिवशी मी तिकडे गेलो होतो. नाटक म्हणणारे ते गृहस्थही तिथे होते. त्यांनी सर्वांसमोर बाईंची माफी मागितली आणि रहिवाशांतर्फे सत्कार करायचा आहे म्हणाले. बाईंनी सत्कार नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी समोरच्या खांबावर एक आरसा लावून द्या म्हणाल्या. पत्रं लावताना पाठ उघडी असते, मागून कोण येतंय ते दिसलं म्हणजे झालं. आठवड्याच्या आत आरसा लागला. नंतर शेजारच्या ब्लॉकनीही लावले.

मी त्यांना एकदा रागावूनच विचारलं होतं. अशा वेळी चावी सोडून द्यावी, जीव वाचवावा, हेच आम्ही सर्वांना शिकवतो. तुम्ही का नाही सोडली?

त्या म्हणाल्या, "एन्चिक, चावी गेली असती तर हात वाचला असता. पण मग माझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता?"

एन्चिक म्हणजे साहेब. पुढे नवे अधिकारी माझ्या हाताखाली शिकायला येत, तेव्हा मी त्यांना ही केस सांगत असे. मार खाल्लेल्या माणसाला गुन्हेगारापासून वाचवणं हे आपलं काम आहेच, ते आपल्याला जमतंही. पण त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली असेल, तर तपास लवकर संपवा. हाड काही आठवड्यांत जुळून येतं. नावाला लागलेला डाग तेवढ्यात जात नाही, आणि त्या बाईंनी त्याच भीतीने मूठ आवळून धरली होती.