धूर लपवला तो दिवस

चुलीच्या धुराने सुनेचा खोकला थांबत नव्हता. अशात घरातली हवा मोजायला शहरातून एक मुलगी आली. चुलीजवळ यंत्र टांगून म्हणाली, "आजी, उद्यापर्यंत रोजच्यासारखंच रांधा हं. ज्या घरात धूर जास्त, तिथे आम्ही धुराडं बसवणार."

आता पाहुणीने आपल्या घराचा धूर लिहून न्यायचा? मला बाई लाज वाटली. दिवसभर मी अंगणात तीन दगड मांडून रांधलं. सून म्हणाली, "आत्याबाय, यंत्राला काय नाक हाय? परवापासून मला आतच रांधायचंय ना!"

आठवड्याने मुलगी हसत आली. "आजी, तुमच्या घरची हवा सगळ्यात चांगली!"

धुराडं शेजारच्या घरात बसलं. सुनेने आत जाऊन चूल फुंकली, नि तिचा खोकला मी ओटीवर बसून ऐकला.