मुरुमच्या फुटपाथवरची फरशी

मंडळी, अजून किळस जात नाही.

आज सकाळी मुरुम गावात फुटपाथवर एका संपादिकेच्या स्मरणार्थ फरशी बसवली. निजामाच्या काळात त्यांनी बायकांसाठी मासिक काढलं होतं. त्यांची लेक, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शकुंतलामावशी, मला सोबत घेऊन गेल्या.

पडदा सरला. फरशीवर पुढाऱ्यांची ठळक नावं, आणि खाली बारीक अक्षरात फक्त 'वकीलसाहेबांच्या पत्नी'.

"माझ्या आईचं नाव कुठंय?" मावशींनी विचारलं.

"आजी, जागाच पुरली न्हाय," एक पुढारी हसत म्हणाला.

"निजामाच्या राज्यात तिनं अंकावर स्वतःचं नाव छापलं. तुम्ही आज पुसलं व्हय?"

मावशींनी आणलेला हार तसाच पिशवीत ठेवला आणि त्या निघाल्या. मागं पुढाऱ्यांचे फोटो चालूच होते.

सांगा, ही फरशी नेमकी कुणाच्या स्मरणार्थ?